कासव, खेकडा आणि मऊ पडलेलं मन (अध्याय २, श्लोक ५८)



आजचं वाचन

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५८ वा श्लोक. चार श्लोक आधी अर्जुनाने विचारलं होतं की स्थितप्रज्ञ माणूस कसा असतो, कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो. त्या उत्तरात देव इथे कासवाचा दाखला देतात. कासव जसं सगळ्या बाजूंनी आपले अवयव आत घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं.

माऊलींनी यावर लिहिताना एक सुंदर भर घातली आहे. कासव नुसतं आखडून घेत नाही; आनंदात असलं की तेच अवयव ते पसरतंही, आणि मनात आलं की आवरतं. पसरणं आणि आवरणं, दोन्ही त्याच्या इच्छेवर. खरा संयम असाच असतो. तो सदा भीतीने आक्रसलेला नसतो.

हा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणापासून माहीत आहे. मोबाइल बाजूला ठेवा, जीभ आवरा, डोळे आवरा, कासवासारखे व्हा. मीही तो असाच वाचत आले. या वेळी मात्र मी एका प्रश्नावर अडकले, आणि गेले आठ दिवस तिथेच आहे.

कासवाला आत जायला कवच आहे. ते त्याच्या पाठीच्या कण्याशी आणि बरगड्यांशी जोडलेलं असतं, त्याच्याबरोबर वाढतं आणि आयुष्यभर साथ देतं. पण ज्याचं कवचच नुकतं गळून पडलंय, त्याने आवरून घेऊन जायचं कुठे?

प्रश्न कुठून आला

माझा एक मावसभाऊ आहे. वय २४, हिंजवडीत नोकरी. घर पक्कं वारकरी. मावशीच्या सासऱ्यांची दिंडी, घरात एकादशी, रोज संध्याकाळी हरिपाठ. अकराव्या वर्षी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. चार महिन्यांपूर्वी तो सुट्टीला घरी गेला, आंघोळ करून देवघरात बसला, माळ काढून पांडुरंगाच्या फोटोपुढे ठेवली आणि आईला म्हणाला, "आई, मी खोटं वागू शकत नाही. सध्या माझा विश्वास राहिलेला नाही. गळ्यात ठेवली तर ती नुसती सवय होईल."

माळ उतरवणं म्हणजे काय, हे वारकरी घरातल्यांना सांगायला नको. मावशी दोन दिवस जेवली नाही. काका म्हणाले, "शहराची हवा लागली, बाकी काही नाही." नात्यातल्या एकाने तर त्याला तोंडावर ढोंगी म्हटलं. इकडे पुण्यातल्या त्याच्या मित्रांनी पाठ थोपटली, "सुटलास लेका!" म्हणजे एका बाजूचे म्हणतात लगेच माळ घाल, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात लगेच जाहीर कर की देव वगैरे काही नसतं. त्याने आत्ताच्या आत्ता काहीतरी पक्कं व्हावं, असं दोन्हीकडच्यांना वाटतं.

त्याने मला फोन केला. म्हणाला, "ताई, मला माळ काढल्याचं दुःख नाही. पण सकाळी उठल्यावर कळत नाही की मी आता कोण आहे."

म्हणून आजच्या चिंतनाचा प्रश्न असा: जुनं गळून पडलंय आणि नवं अजून टणक झालेलं नाही, अशा मधल्या काळात माणसाचा धर्म काय? आणि त्याच्या आजूबाजूला जे आपण टणक आहोत, त्या आपला धर्म काय?

कासवाकडे याचं उत्तर नव्हतं. ते मला खेकड्याकडे मिळालं. माळकरी मंडळींनो, घाबरू नका, पाककृती येणार नाहीये!

खेकडा कात टाकतो तेव्हा

सगळेच खेकडे कवच बदलतात. मी ज्याच्याबद्दल वाचलं तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा निळा खेकडा. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांमध्ये चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. तिथल्या क्रिसफील्ड, स्मिथ आयलंड, टँजिअर अशा गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या खेकड्यावर जगली. त्यामुळे त्याच्या कात टाकण्याचा तास न्‌ तास त्यांना पाठ आहे.

खेकड्याचं कवच म्हणजे त्याचा बाहेरचा सांगाडा. कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे आणि प्रथिनांचे तंतू एकमेकांवर थरांनी रचलेले, आणि त्यांच्यात भरलेलं कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यात आणि संगमरवरात असतं तेच हे द्रव्य. आपल्या देवघरातली संगमरवरी मूर्ती आणि खेकड्याची पाठ, दोन्हींत एकच खनिज!

पण एकदा टणक झालेलं कवच वाढत नाही. आतलं शरीर वाढतं. मग एकच उपाय उरतो, ते संपूर्ण कवच सोडून बाहेर यायचं. निळा खेकडा आयुष्यात वीसच्या आसपास वेळा हे करतो.

यातली पहिली गोष्ट वाचून मी थांबलेच. नवं कवच जुनं टाकल्यावर बनायला सुरुवात होत नाही. जुनं अंगावर असतानाच त्याच्या आत, त्याला चिकटून, नव्या कवचाचे पहिले थर तयार होतात. ते मऊ असतात, घडी पडलेले असतात, पण असतात. बाहेरून खेकडा अगदी पूर्वीसारखाच दिसतो. मात्र चेसापीकचे कोळी त्याच्या शेवटच्या, वल्ह्यासारख्या चपट्या पायाच्या कडेला एक बारीक रेघ बघतात. ती पांढरी असेल तर अजून बरेच दिवस आहेत, गुलाबी झाली तर थोडे, लाल झाली की एक-दोन दिवसांत कात पडणार.

मावशीला वाटतं की तिचा मुलगा एका सकाळी बदलला. पण तो दोन वर्षं प्रश्न विचारत होता. कीर्तनाहून आल्यावर विचारायचा, आजोबांना विचारायचा. "मोठा झालास की कळेल," असं उत्तर मिळायचं. रेघ गुलाबी होत होती, पण पाहायला कोणी वाकलं नाही. हे मी मावशीला दोष देण्यासाठी लिहीत नाही. घरोघरी हेच होतं.

मग तो दिवस येतो. खेकडा पाणी शोषून फुगतो, कवचाची मागची कड उघडते, आणि त्या फटीतून तो मागे सरकत बाहेर येतो. एकेक पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांचं आणि पोटाच्या आतलंही अस्तर, सगळं सोडून. नांगीचं मोठं मांस अरुंद सांध्यातून बाहेर यायचं असतं, म्हणून काही खेकड्यांमध्ये ते आधीच आक्रसलेलं असतं. वाढण्याआधी बारीक व्हावं लागतं. मागे उरतं ते हुबेहूब खेकड्यासारखं दिसणारं रिकामं कवच. लांबून बघणाऱ्याला तोच खेकडा वाटावा. आणि खरा खेकडा शेजारीच असतो, लोण्यासारखा मऊ.

बाहेर आल्यावरही तो पाणी शोषत राहतो आणि फुगतो. आधीपेक्षा चौथ्या-तिसऱ्या हिश्शाने मोठा होतो. हे फक्त याच काही तासांत शक्य असतं. कवच टणक झालं की मापही ठरलं, पुढची कात पडेपर्यंत.

कवच नाही, तर आधार कशाचा?

आता माझा मूळ प्रश्न. ज्याचा सांगाडाच बाहेर होता आणि तो सांगाडाच सोडला, तो खेकडा कोसळत कसा नाही? स्नायूंना ओढायला काहीतरी टणक लागतं की नाही?

२००३ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या जेनिफर टेलर आणि विल्यम किअर यांनी याच निळ्या खेकड्यावर केलेला अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांना असं आढळलं की मऊ असतानाही खेकडा हालचाल करतो आणि बळ लावतो, कारण त्या काळात त्याला आतलं पाणी सावरतं. शरीरातल्या द्रवाचा दाब हाच त्याचा तात्पुरता सांगाडा होतो. गांडूळ किंवा जेलीफिश ज्या तऱ्हेने ताठ राहतात, तीच तऱ्हा. कवच पुन्हा टणक झालं की खेकडा नेहमीच्या सांगाड्याकडे वळतो.

हे वाचलं आणि मला गीतेचा पहिला अध्याय आठवला. त्या अध्यायाला परंपरेने नाव दिलंय अर्जुनविषादयोग. जरा विचार करा, विषादाला योग म्हटलंय. अर्जुन म्हणजे त्या रणांगणावरचा सगळ्यात टणक माणूस. त्याचं क्षत्रियपण, त्याची कीर्ती, त्याचा गांडीव, सगळं पक्कं. आणि दोन सैन्यांच्या मधोमध ते सगळं गळून पडतं. हात थरथरतात, धनुष्य निसटतं, तो रथात खाली बसतो. जगातला सगळ्यात मोठा उपदेश याच मऊ पडलेल्या माणसाला मिळाला. कालपर्यंतच्या टणक अर्जुनाला गीता सांगायची गरज पडली नव्हती, आणि सांगितली असती तरी ती आत शिरली असती का, कोण जाणे.

देव त्याला आधी रागावले, हेही खरं. पण रागावून रथातून उतरले नाहीत. लगाम हातात होते ते हातातच राहिले.

आपल्या तुकोबारायांचंही तेच. दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. जुनं सगळं कवच गेलं. परंपरा सांगते की त्यानंतर ते भामचंद्र डोंगरावर एकांतात जाऊन बसले आणि त्यांचे भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोचले. मऊ खेकडाही असाच पाणगवतात लपतो. त्या लपण्याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही. लपून कायमचं बसला तर गोष्ट वेगळी. तुकोबा डोंगरावरून परत आले.

म्हणजे मधल्या काळाचा पहिला धर्म मला असा वाटतो: घाईघाईने उधारीचं कवच अंगावर चढवू नये. आत जे काही शिल्लक आहे, तेवढ्यावर तग धरावा. माझ्या भावाच्या आत काय शिल्लक आहे, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. "मी खोटं वागू शकत नाही." मला विचाराल तर आजच्या घडीला तेच त्याला आतून सावरणारं पाणी आहे. देवासमोर खोटं बोलायचं नाही, म्हणून त्याने देवासमोरच माळ ठेवली. कचऱ्यात टाकली नाही.

टणकपणा येतो कुठून?

आता आजच्या चिंतनाचा गाभा.

कवच टणक व्हायला कॅल्शियम लागतं. ते आणायचं कुठून? जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम खेकडा कात टाकण्याआधी रक्तात ओढून घेतो. पण बहुतेक सगळं जुन्या कवचाबरोबर मागे राहतं. मग नवं खनिज येतं ते आजूबाजूच्या पाण्यातून. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम विरघळलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. खेकडा ते कल्ल्यांमधून आत घेतो. म्हणजे श्वास घेतो तिथूनच! आधी बाहेरचे, आधीच रचून ठेवलेले थर भरतात, मग आतल्या बाजूने नवे थर बनत जातात आणि तेही भरत जातात. पाणी कोमट असेल तर पहिले काही तास तो लोण्यासारखा, बाराएक तासांत जाड कागदासारखा, दिवसभरात दाबलं तर वाकेल इतपत कडक, आणि दोन-तीन दिवसांत टणक.

या काळात त्याला खाता येत नाही, कारण नांगी आणि दातही मऊच असतात. तो फक्त पाण्यात राहतो आणि श्वास घेतो. त्यातूनच त्याचं पुढचं कवच घडतं.

संतांनी संगतीवर एवढा जोर का दिला, हे मला इथे नव्याने कळलं. टणक असताना आपण कोणत्याही पाण्यात काही काळ राहू शकतो. मऊ असताना मात्र ज्या पाण्यात असू, त्याचाच आपण दगड करतो. राग असलेल्या घोळक्यात तो काळ गेला तर रागाचं कवच बनतं. चेष्टा करणाऱ्यांत गेला तर चेष्टेचं. आणि नंतर आपण म्हणतो, "हा माझा स्वभावच आहे."

खेकड्याचा एक दूरचा नातलग आहे, क्रेफिश. तो गोड्या पाण्यात राहतो आणि गोड्या पाण्यात कॅल्शियम फार कमी. म्हणून कात टाकायच्या आधी तो जुन्या कवचातलं थोडं खनिज पोटात दोन खड्यांच्या रूपाने साठवतो. कात पडली की ते खडे विरघळतात आणि आधी तोंडाचे, खायला लागणारे अवयव टणक करायला कामी येतात. म्हणजे आजूबाजूला फारसं काही मिळणार नाही अशा ठिकाणी राहणाऱ्याला घरून आणलेली शिदोरी पुरते.

आपल्यातले कितीतरी जण असेच गोड्या पाण्यात राहतात! एकट्याची खोली, रात्रपाळी, जवळ देऊळ नाही, बरोबर कोणी भजन म्हणणारं नाही. पण लहानपणी आजीच्या मांडीवर पाठ झालेला हरिपाठ पोटात आहे. त्याचा अर्थ पटतो की नाही हा प्रश्न आज बाजूला राहू द्या. तो आत आहे. वेळ आली की विरघळेल आणि जिथे लागायचा तिथे लागेल.

मऊच राहिलं तर?

कोणी म्हणेल, मग मऊ राहणंच चांगलं की. कशाला हवा टणकपणा? मन खुलं ठेवा, कशालाच चिकटू नका. हल्ली हा उपदेश फार लोकप्रिय आहे.

पण मऊच राहिलेला खेकडा जगत नाही. त्याला खाता येत नाही, लढता येत नाही, दुसऱ्याला वाचवता येत नाही. वाढीसाठी मऊपणा लागतो आणि जगण्यासाठी टणकपणा. क्रमही महत्त्वाचा. फुगण्याआधीच टणक झाला तर तो जुन्याच मापाचा राहिला, एवढी उलथापालथ वाया गेली.

चेसापीकच्या किनाऱ्यावर मऊ खेकड्याला फार मागणी असते. आख्खाच्या आख्खा खाता येतो ना! त्यासाठी कात टाकायला आलेले खेकडे उथळ हौदांमध्ये ठेवतात आणि दिवस-रात्र दर काही तासांनी बघत राहतात. कात पडली की लवकरच त्याला पाण्याबाहेर काढतात, कारण पाण्यात राहिला तर टणक होईल. पाण्याबाहेर थंडीत ठेवला की कवच घडण्याचं काम थांबतं. मऊ तो मऊच राहतो, थेट ताटात जाईपर्यंत.

तिथल्या कोळ्यांचं ते पोट आहे, त्यांना मी काही म्हणत नाही. पण माणसांच्या बाबतीत हे बघताना मला भीती वाटते. तरुण माणसाची शंका ही काही लोकांना चविष्ट वाटते. "अरे वा, किती धाडसी विचार!" त्याला वादाला बसवायचं, त्याचे व्हिडिओ फिरवायचे, गोंधळाचं कौतुक करायचं. त्याला कुठेतरी पोचू द्यायचं नाही, कारण पोचला तर मजा संपेल. भावाच्या पाठीवर थाप मारणाऱ्या मित्रांना मी वाईट म्हणत नाही. फक्त त्याला एवढंच विचारलं, "यातल्या कोणाला तू टणक झालेला चालशील?"

आणखी एक प्रकार असतो. आपल्या कोकणात खेकडा घेताना माणसं तो हातात धरून वजनाचा अंदाज घेतात, दाबून बघतात. कात टाकून थोडेच दिवस झालेला खेकडा बाहेरून कडक झालेला असला तरी आत मांस भरलेलं नसतं, पाणीच जास्त. बाजारात त्याला पोकळ म्हणतात. कवच दिवसांत टणक होतं, पण आतलं भरायला आठवडे लागतात. म्हणून असे खेकडे काही ठिकाणी खाडीकाठी कुंपणात ठेवून, खायला घालून भरवतात आणि मगच विकतात.

बाहेरून टणक, आतून पोकळ. हे वाचून कोणाचं नाव तुमच्या मनात आलं ते मला सांगू नका, मी माझंच तपासतेय! तेराव्या अध्यायात देव ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात तेव्हा अगदी सुरुवातीलाच निरहंकारपण आणि दंभ नसणं येतं. माळ, टिळा, रोजचं वाचन, हे सगळं माझं कवच आहे, आणि ते हवंच. पण आत काय भरलंय, हे रोज हातात धरून वजन करून बघायला हवं. भावाने त्याची माळ तशी वजन करून बघितली. त्याला ती हलकी वाटली. मी माझी शेवटची कधी तोलली होती?

टणक असलेल्यांचं काम

आता दुसरा प्रश्न, आपला धर्म काय?

मऊ खेकड्याचा एक मोठा शत्रू कोण, तर दुसरा खेकडा. त्याच जातीचा, टणक असलेला. हौदात कात टाकलेला खेकडा वेळेवर बाजूला काढला नाही तर बाकीचे त्याला खातात. आणि त्याच जातीत दुसरंही दृश्य दिसतं. मादी वयात येताना शेवटची कात टाकते. त्याआधी काही दिवस नर तिला आपल्या पोटाखाली धरून फिरतो. ती कात टाकते तेव्हा तो तिच्यावर पायांचा पिंजरा करून उभा राहतो, आणि मिलनानंतरही तिचं कवच टणक होईपर्यंत तिला पुन्हा तसाच सांभाळतो.

यात नराचा स्वतःचा हेतू आहे, त्याला आपली संतती हवी आहे. खेकड्याला मी संत करणार नाही. निसर्ग आपल्याला धर्म शिकवायला बसलेला नाही. तो दोन्ही चित्रं समोर ठेवतो, निवड आपली. तसाच टणकपणा, तशाच नांग्या. एकाने त्या मऊ शरीराला फाडायला वापरल्या, दुसऱ्याने पहारा द्यायला.

आपल्या घरात कोणी मऊ पडलं की आपल्या नांग्या फार पटकन उघडतात. "संस्कार कमी पडले." "लोक काय म्हणतील?" "एवढं शिकवून हेच का?" हे सगळं आपण धर्म वाचवण्यासाठी बोलतोय, असं आपल्याला मनापासून वाटतं. पण ते लागतं कुठे? ज्याला आत्ता कातडीसुद्धा नाही, त्याला.

पहारा देणाऱ्याकडून मला एक फार अवघड गोष्ट शिकायची आहे. तो दुसऱ्याचं कवच बनवत नाही. बनवूच शकत नाही. नवं कवच आतूनच, आधी रचलेल्या थरांवरच घडतं. त्याचं काम फक्त वेळ मिळवून देण्याचं.

मावशीला मी हेच सांगायचा प्रयत्न केला. तिने विचारलं, "मग तो परत माळ घालेल ना गं?" मला हो म्हणता आलं नाही. मला माहीत नाही. तो पुन्हा घालेल, किंवा वेगळ्या वाटेने देवाकडे जाईल, किंवा जाणारही नाही. पहारा द्यायचा तर हे न कळणं सोसावं लागतं, आणि आईला ते किती जड जातं हे मी फोनवर ऐकत होते. "तू माझ्याच मापाचं कवच घेशील तरच मी तुझ्यावर उभी राहीन," असं म्हणणारा पहारेकरी नसतो. तो गिऱ्हाईक असतो.

मी मावशीला एवढंच म्हटलं, "त्याने आपल्याला खरं सांगितलं. तुझ्या घरात खरं बोलायला भीती वाटली नाही त्याला. हे कुठल्या पाण्यातून आलं? तुझ्याच ना?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकादशीला त्याच्यासाठी भगर करते. उपास म्हणून नाही, त्याला आवडते म्हणून."

मला वाटतं, पायांचा पिंजरा म्हणतात तो हाच.

आणि भावाला मी म्हटलं, "जुनं कवच खोटं होतं असं समजू नकोस. अकरा वर्षांच्या मुलाला ते नेमकं बसत होतं, त्याने तुला इथवर सांभाळून आणलं. तू कोण आहेस याचं उत्तर आज देऊ नकोस. रोज झोपताना एवढंच बघ की आज मी कोणत्या पाण्यात होतो." तो हसला, म्हणाला, "ताई, खेकड्याचा उपदेश वारकऱ्याला?" म्हटलं, अरे, उपमा म्हणून देवाने कासव चालवून घेतलं, तर खेकड्याने काय पाप केलंय!

आजचा संकल्प

१. माझ्या ओळखीत आत्ता कोण मऊ आहे? नोकरी गेलेलं, नातं तुटलेलं, श्रद्धा डळमळलेलं. आज त्या एका माणसाला फोन करेन आणि सल्ला देणार नाही.

२. मी स्वतः मऊ असेन तर आजच कुठलाही कायमचा निर्णय जाहीर करणार नाही. दिवसभरात मी कोणाच्या शब्दांत श्वास घेतला, हे रात्री दोन ओळींत लिहीन.

३. मी टणक असेन तर पाच मिनिटं शांत बसून स्वतःला तोलेन. कवच किती आणि आत भरलेलं किती?

पांडुरंगा, आम्हाला कासवाचा आवर दे. आणि आमचं कवच तूच उतरवशील त्या दिवशी, नवं टणक होईपर्यंत, चांगल्या पाण्यात ठेव.

उद्या ५९ वा श्लोक. विषय बाहेरून सुटले तरी आतली गोडी कशी मागे राहते आणि ती कधी जाते, ते देव सांगतात. वाचून या.

राम कृष्ण हरी.